अडथळ्याला नाव देणारा माणूस

ऑलिव्हर हेविसाइडने तारकंपनीतली नोकरी सोडली, तेव्हा तो अवघा चोवीस वर्षांचा होता. साल होते १८७४. पुढे उभ्या आयुष्यात त्याने कुणाची चाकरी केली नाही. विजेच्या जगात पावलोपावली लागणारा ‘इम्पीडन्स’ हा शब्द १८८६ साली घडवला, तो याच बेकार माणसाने.

जन्म १८५० चा, लंडनमधला. वडील लाकडावर चित्रे कोरीत. घरात कायमची ओढाताण. लहानपणच्या आजाराने ऐकू कमी येऊ लागले. शाळा सोळाव्या वर्षी सुटली. तारयंत्राच्या आद्य संशोधकांपैकी चार्ल्स व्हीटस्टन हे त्याच्या मावशीचे यजमान. त्या नात्यामुळे मुलगा तारांच्या व्यवसायात शिरला. त्याच सुमारास, १८७१ मध्ये, सोलापूरहून दुधनीवरून जाणारा लोहमार्ग रायचूरला भिडला. सारे जग तारांनी जोडले जात होते.

पण लांबच्या तारेत संदेश पुसट होई. बदलत्या प्रवाहाला वाटेत जो एकूण अडथळा होतो, तो इम्पीडन्स. तो कमी करण्यापेक्षा तारेत योग्य तो गुण वाढवला, तर संदेश स्वच्छ पोचेल, असे हेविसाइडने १८८७ मध्ये गणिताने दाखवले. टपालखात्याचे बडे अधिकारी विल्यम प्रीस यांना ते पटले नाही. पुढे त्याच विचारावर अमेरिकेत मायकेल प्यूपिन यांनी पेटंट मिळवले आणि भरपूर पैसाही. हेविसाइडला त्यातले काही मिळाले नाही.

त्याच्या शब्दाचे मोल आज दुधनीसारख्या तुरीच्या पेठेतही कळते. इलेक्ट्रॉनिक काट्यावर पोते ठेवले, की आतून येणारा इशारा असतो जेमतेम काही मिलिव्होल्टचा. तो मोठा करतो ऑपरेशनल अॅम्प्लिफायर. त्याला दोन पथ्ये असतात. घेताना समोरच्याकडून जवळजवळ काही ओढायचे नाही, म्हणून आत शिरतानाचा इम्पीडन्स मोठा हवा. देताना भाराखाली खचायचे नाही, म्हणून बाहेर पडतानाचा लहान हवा. शेतकऱ्याच्या हाती येणारा आकडा या पथ्यांवर अवलंबून.

हे मोजायचे कसे? आत जाणाऱ्या तारेत एक रोध घालून तो वाढवत न्यायचा. बाहेरचे व्होल्टेज निम्म्यावर आले, की तो रोध आणि आतला इम्पीडन्स सारखे. मीटर बाहेरच्या टोकालाच लावायचा. आत लावला तर तो स्वतःच वाटेकरी होतो. बाहेरच्या बाजूसाठी आधी मोकळ्या टोकाचे व्होल्टेज पाहायचे, मग माहितीतला हलका भार जोडायचा आणि किती उतरले त्यावरून हिशेब करायचा. १९६८ च्या प्रसिद्ध ‘७४१’ चिपचे हे आकडे साधारण २० लाख ओहम आणि ७५ ओहम आहेत. बाहेर पडलेल्याचा थोडा अंश परत आत वळवला, की बाहेरचा आकडा आणखी घटतो.

मान हेविसाइडला उशिरा मिळाला. १८९१ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. सरकारने १८९६ पासून वर्षाला १२० पौंड निवृत्तिवेतन दिले. १९२२ मध्ये पहिले फॅराडे पदक मिळाले. अखेरची वर्षे त्याने टॉर्कीत एकाकी काढली आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तो गेला.

बँकेत आयुष्य गेलेल्याला जमा-नावे मांडायची खोड असते. या खात्यात जगाने त्याला दिले ते फार थोडे. जगाने त्याच्याकडून उचलले, त्याचा हिशेब मात्र अजून चालूच आहे.