धनंजयराव गाडगीळ

अर्थशास्त्र हा रुक्ष विषय आहे, असा पुष्कळांचा समज असतो. आकडे, कोष्टके आणि जाडजूड ग्रंथ ह्यांतच अर्थशास्त्रज्ञाचे आयुष्य सरते, असे लोकांस वाटते. प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ ह्यांनी मात्र आपले शास्त्र शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेले.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी झाला. उच्च शिक्षणासाठी ते केंब्रिजला गेले. भारतातील उद्योगधंद्यांच्या वाढीवर तेथे लिहिलेला त्यांचा प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्या वेळी ते अवघे तेवीस वर्षांचे होते. स्वदेशी परतल्यावर काही वर्षे ते सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९३० साली रावबहादुर काळे ह्यांच्या देणगीतून पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. तिचे संचालकपद धनंजयरावांनी स्वीकारले आणि छत्तीस वर्षे सांभाळले.

देशाचे दारिद्र्य दूर करावयाचे, तर आधी ते नीट जाणून घेतले पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणून त्यांचे सहकारी घरोघर जाऊन माहिती गोळा करीत. कुटुंबात कमावते किती, खाणारे किती, डोक्यावर कर्ज किती, हे सारे टिपून घेतले जाई. पुणे शहराची अशी पाहणी त्यांनी केली.

त्या काळी दक्षिणेतील कालव्यांच्या पाण्यावर ऊस भरपूर पिके. पण गुळाचा भाव कोसळला की शेतकरी कर्जात बुडे. १९४५ साली बेलापूर येथे बागायतदारांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष धनंजयराव होते. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःच्या मालकीचा साखर कारखाना उभारावा, हा विचार तेथे रुजला. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील ह्यांनी तो मनावर घेतला. ते फारसे शिकलेले नव्हते. परंतु गावोगाव हिंडून त्यांनी शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमविले. धनंजयरावांनी नव्या कारखान्याचे अध्यक्षपद पत्करले. केंब्रिजचा पंडित आणि खेड्यातला शेतकरी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेकाठी हा कारखाना सुरू झाला आणि पुढे महाराष्ट्रात त्याच धर्तीवर अनेक कारखाने निघाले.

१९६७ साली धनंजयराव नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राचे साहाय्य राज्यांना कसे वाटावे, ह्याचा स्पष्ट नियम तोवर नव्हता. १९६९ साली त्यांनी तो घालून दिला. साहाय्याचा साठ टक्के भाग लोकसंख्येनुसार आणि उरलेला राज्याचे दारिद्र्य, करवसुली, चालू असलेले पाटबंधारे व वीजप्रकल्प आणि खास अडचणी पाहून द्यावा, असे ठरले. वशिल्याच्या जागी न्याय आला. हा नियम ‘गाडगीळ सूत्र’ म्हणून ओळखला जातो.

दिल्लीचे काम संपवून पुण्यास परतत असता, ३ मे १९७१ रोजी आगगाडीतच त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी त्यांचे सहकारी वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ ह्यांचा भारतातील दारिद्र्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. गुरुतुल्य सहकाऱ्याने हाती घेतलेले काम त्यांनी असे पुढे चालविले.

विद्या ही केवळ पदवीसाठी नसते. ती लोकांच्या उपयोगी पडली म्हणजे सार्थकी लागते, हेच धनंजयरावांचे चरित्र सांगते.