द्रष्टा संशोधक : आगोस्तिनो बास्सी

उत्तर इटलीतील लोदी या गावाजवळ सन 1773 मध्ये एका शेतकरी कुटुंबात आगोस्तिनो बास्सी यांचा जन्म झाला. पाव्हिया विद्यापीठात त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. परंतु त्यांचा ओढा निसर्गविज्ञानाकडे होता. ते सरकारी नोकरीत शिरले, पण दृष्टी अधू होत गेल्याने त्यांना ती सोडावी लागली. ते शेतीकडे वळले.

त्या काळी लोंबार्दी प्रांतातील असंख्य कुटुंबांची उपजीविका रेशमावर अवलंबून होती. रेशीमकिड्यांवर एक भयंकर रोग पडे. किडे मरून ताठ होत आणि त्यांच्या अंगावर चुन्यासारखी पांढरी भुकटी दिसू लागे. वर्षभराचे कष्ट काही दिवसांत मातीमोल होत. सन 1807 मध्ये बास्सी यांनी या रोगाचा शोध आरंभला. हा रोग हवामानामुळे किंवा खाद्यामुळे आपोआप उद्भवतो, असा सर्वांचा समज होता. प्रारंभी बास्सीही त्याच वाटेने गेले. कित्येक वर्षांचे प्रयोग फसले आणि त्यांना नैराश्याने घेरले. तरीही ते पुन्हा उभे राहिले व त्यांनी स्वतःचेच गृहीत तपासले.

मेलेल्या किड्यावरील भुकटी सुईच्या टोकाने निरोगी किड्याच्या अंगात टोचली, की तोही त्याच रोगाने मरतो, हे त्यांना आढळले. ती भुकटी म्हणजे एका सूक्ष्म बुरशीचे बीजाणू होते. पाव्हिया विद्यापीठातील प्राध्यापकांसमोर त्यांनी आपले प्रयोग करून दाखवले आणि सन 1835 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. सूक्ष्म सजीवामुळे प्राण्याला संसर्गजन्य रोग होतो, याचा हा पहिला प्रायोगिक पुरावा मानला जातो. पाश्चर व कॉख यांचे कार्य त्यानंतरचे. मेलेले किडे जाळावेत, साधने उकळावीत व हात स्वच्छ ठेवावेत, असे उपायही बास्सी यांनी सांगितले. पुढे त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. सन 1856 मध्ये लोदी येथे त्यांचे निधन झाले.

त्या बुरशीला त्यांच्या नावावरून आज बिव्हेरिया बॅसियाना म्हणतात. रेशीमकिड्यांचा हा काळ शेतीचा मित्रही ठरला आहे. नारळ, खजूर अशा झाडांचे खोड आतून पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्यावर ती चालते. बीजाणू भुंग्याच्या त्वचेवर रुजतात, आत शिरतात व त्याला मारतात. अळी खोडात दडलेली असल्याने फवारा तिच्यापर्यंत सहजी पोहोचत नाही. मात्र बीजाणू माखलेला भुंगा ते आपल्या सोबत्यांपर्यंत नेतो. त्या त्या प्रदेशात मेलेल्या भुंग्यांवरून मिळवलेले बुरशीचे स्थानिक वाण तेथील हवामानाला सरावलेले असते, म्हणून संशोधक त्याचा शोध घेतात.

मात्र ही बुरशी रेशीमकिड्यालाही मारते. म्हणून तुतीच्या मळ्याजवळ ती वापरताना सावध राहावे लागते. निसर्गातील कोणतीही शक्ती सर्वस्वी शत्रू वा मित्र नसते. तिचा स्वभाव धीराने जाणून घ्यावा लागतो. दृष्टी मावळत असतानाही बास्सी यांनी आयुष्यभर तेच केले.