आडव्या बारचा मास्तर

फर्स्ट इयरला होस्टेलमागच्या सिंगल बारला पहिल्यांदा लटकलो, तेव्हा हनुवटी बारच्या वर जाणं राहिलं दूर, माझी कोपरंसुद्धा वाकेनात. खालून मित्रांचे शेरे चालूच. वजन अवघं 58 किलो, मेकॅनिक्समध्ये मार्क चांगले, पण स्वतःचा भार स्वतःला उचलेना! चिडून लायब्ररी गाठली. हा छळ सुरू केला कुणी? नाव सापडलं, फ्रिडरिश लुडविग यान.

यानचा जन्म 1778 चा, प्रशियातल्या लान्झ गावचा. वडील पाद्री. पठ्ठ्या बरीच विद्यापीठं फिरला, पण पदवी एकाही ठिकाणची घेतली नाही. (हे वाचून आपल्यातल्या काही जणांना बरं वाटेल!) 1806 मध्ये नेपोलियनने प्रशियाचा धुव्वा उडवला आणि ते यानच्या जिव्हारी लागलं. पुढे तो बर्लिनमध्ये मास्तर झाला. 1811 मध्ये शहराबाहेरच्या हासेनहाइडे या मोकळ्या जागी मुलांना नेऊन त्याने व्यायामाचं मैदान सुरू केलं. तिथे दोर, शिड्या, चढायचे खांब आणि आडवा बार होता. आपला मल्लखांब याहून कितीतरी जुना, पण जगभरच्या शाळांत, जिममध्ये बार पोचला तो यानच्या चेल्यांमुळे. 1816 मध्ये आयझेलन या सहकाऱ्याबरोबर त्याने या व्यायामांवर पुस्तकही काढलं.

मग घात झाला. 1819 मध्ये या चळवळीतल्या एका विद्यार्थ्याने कोट्झेबू या लेखकाचा खून केला. सरकारला आता बारमागे क्रांती दिसू लागली! यानला अटक झाली, 1820 मध्ये प्रशियातली मैदानं बंद पडली. 1825 ला तो सुटला, पण बर्लिनमध्ये राहायला मनाई. बंदी उठली थेट 1842 मध्ये. 1848 ला तो फ्रँकफुर्टच्या संसदेत निवडून गेला, 1852 मध्ये वारला. 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये आडवा बार होता, ते बघायला मात्र मास्तर नव्हते.

इथपर्यंत वाचून मी त्याचा फोटो खोलीत लावायच्या बेतात होतो. पण पुढे वाचलं आणि हात थांबला. फ्रेंच, पोलिश, ज्यू लोकांबद्दल त्याच्या मनात उघड द्वेष होता. 1817 मध्ये वार्टबर्गला त्याच्या अनुयायांनी नावडती पुस्तकं जाळली. पुढे नाझींनी त्याचा उदोउदो केला. दंडात ताकद आली म्हणजे डोक्यात शहाणपण येतंच असं नाही, हे तिथे कळलं.

फोटो नाही लावला. बार मात्र सोडला नाही. एका सीनियरने युक्ती सांगितली होती: आधी नुसतं लटकायचं, मग खांदे खाली ओढायचे, मग स्टुलावर चढून हनुवटी वर न्यायची आणि पाच मोजत सावकाश खाली यायचं. स्नायू जेवढं वर खेचतो, त्याहून जास्त वजन खाली येताना पेलतो. साधं गणित आहे. तीन महिन्यांनी पहिला पुलअप निघाला. आता आठ निघतात.

आमच्या बारवर सगळ्या ब्रँचची, सगळ्या गावांची पोरं लटकतात. कुणी कुणाला आडनाव विचारत नाही. तुम्हीही या, संध्याकाळी साडेसहाला. पहिल्या दिवशी नुसतं लटकायचं. हसणार कुणी नाही, हसलोच तर मी आधी माझी गोष्ट सांगेन.