बाबूराव पेंटर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० साली कोल्हापूर येथे झाला. चित्रकला ते स्वतःच्या सरावाने शिकले. १९१० च्या सुमारास आप्तबंधू आनंदराव यांच्यासह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. रंगविलेले राजवाडे व अरण्ये पाहून प्रेक्षक थक्क होत. रंगविणारे हात मात्र पडद्याआडच राहत. पुढे चित्रपटाने दोघांनाही वेड लावले. परंतु स्वतःचा कॅमेरा बनविण्याच्या खटपटीत असतानाच १९१६ साली आनंदराव निवर्तले. बाबूराव खचले नाहीत. शिष्य दामले यांच्या साहाय्याने त्यांनी १९१८ साली कॅमेरा सिद्ध केला. १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' हा चित्रपट झळकला आणि भावाचे अपुरे स्वप्न पुरे झाले. १९५४ साली त्यांचे निधन झाले. पडदे रंगविताना मिळालेले 'पेंटर' हेच नाव अखेरपर्यंत त्यांची ओळख ठरले.