गिटारचे उस्ताद : फ्रान्सिस्को तारेगा

तारांचे साज वाजवणारे थोर उस्ताद आपल्या देशात पुष्कळ होऊन गेले. दूर स्पेन देशातही असेच एक उस्ताद होऊन गेले. त्यांचे नाव फ्रान्सिस्को तारेगा.

तारेगा यांचा जन्म २१ नोव्हेंबर १८५२ रोजी पूर्व स्पेनमधील व्हियारेआल या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची होती. वडील पहारेकरी होते आणि फावल्या वेळात गिटार वाजवीत. लहानपणी फ्रान्सिस्को एका कालव्यात पडला. जीव वाचला, पण डोळे कायमचे अधू झाले. उद्या दृष्टी पूर्ण गेली तर हा मुलगा पोट कसे भरणार, अशी काळजी वडिलांना वाटू लागली. म्हणून त्यांनी त्याला संगीत शिकवायचे ठरवले. त्यासाठी सारे कुटुंब कास्तेयोन शहरात राहायला गेले. तेथे त्याला शिकवणारे पहिले दोन्ही गुरू अंध होते!

दहाव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी बार्सिलोना शहरात पाठवले. तेथून तो पळाला आणि कॉफीच्या दुकानांत गिटार वाजवू लागला. वडिलांनी त्याला शोधून घरी आणले.

त्या काळी मैफलीत मान होता तो पियानोला. गिटार हे खानावळीत आणि रस्त्यावर वाजवायचे वाद्य, असे पुष्कळ लोक समजत. १८७४ साली तारेगा माद्रिदच्या संगीत विद्यालयात दाखल झाले. त्यांना पियानोही चांगला वाजवता येई. तरीही त्यांनी आपले आयुष्य गिटारलाच वाहिले.

१८८१ साली त्यांनी पॅरिसमध्ये वादन केले. पुढे ते बार्सिलोनाला स्थायिक झाले. बाख, बीथोव्हेन, शोपँ अशा थोर संगीतकारांच्या रचना त्यांनी गिटारवर वाजवता येतील अशा रीतीने लिहून काढल्या. गिटारसाठी स्वतःही अनेक रचना केल्या.

त्यांपैकी एक रचना अल्-हम्रा राजवाड्याच्या आठवणींवर आहे. ग्रॅनाडा शहरातील हा राजवाडा अंदलुसच्या मुस्लीम सुलतानांनी बांधला. ही रचना वाजवताना अंगठा खालचे सूर छेडतो. त्याच वेळी तीन बोटे एकामागून एक एकच तार झपाझप छेडतात. त्यामुळे सूर तुटत नाही. ऐकणाऱ्याला राजवाड्यातील कारंज्यांचे पाणी झुळझुळत असल्याचा भास होतो. बोटांत अशी सफाई येण्यासाठी रोजचा रियाज लागतो.

तारेगांना मोठ्या सभागृहापेक्षा मित्रांची छोटी बैठक आवडे. तेथे ते मनापासून वाजवीत. शागिर्दांना शिकवण्यातही त्यांचा पुष्कळ वेळ जाई. गिटार कशी धरावी, डावा पाय छोट्या पाटावर कसा ठेवावा, तार कोणत्या बोटाने छेडावी, हे ते बारकाईने दाखवीत.

१९०६ साली त्यांच्यावर मोठे संकट आले. अर्धांगवायूमुळे त्यांची उजवी बाजू लुळी पडली. ज्या हाताने तारा छेडायच्या, तोच हात निकामी झाला. त्या आजारातून ते पूर्ण बरे झाले नाहीत. १५ डिसेंबर १९०९ रोजी बार्सिलोना येथे त्यांचे निधन झाले.

आपली शिकवण त्यांनी पुस्तकरूपाने लिहून ठेवली नव्हती. पण त्यांचे शागीर्द मिगेल ल्योबेत यांनी देशोदेशी गिटारच्या मैफली केल्या. दुसरे शागीर्द एमिलिओ पुजोल यांनी गुरूंच्या पद्धतीवर ग्रंथ लिहिले. पुढे आंद्रेस सेगोविया या वादकाने तारेगांच्या रचना जगभर ऐकवल्या. गिटारला मोठ्या सभागृहांत मानाची जागा मिळाली.

१९९० नंतरच्या काळात नोकिया कंपनीचे मोबाईल फोन एका छोट्या धूनने वाजू लागले. ती धून तारेगांच्याच एका रचनेतून घेतलेली होती. कोट्यवधी लोकांनी ती ऐकली, पण ती रचणाऱ्याचे नाव थोड्यांनाच ठाऊक होते.

तारेगांचा हात थांबला, पण त्यांनी शिकवलेले हात वाजवीत राहिले. उस्तादाची खरी कमाई हीच.