पायाखालची फळी

टी.ओ.एम.च्या पेपरात एपिसायक्लिक गिअर ट्रेनचं गणित दिसलं की आपल्यातले निम्मे लोक पान उलटतात. मीही उलटायचे. (आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.) मागच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांची जुनी ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना दचके देत होती. म्हटलं, आपण मेकॅनिकलवाले, निदान ऑईल तरी बघू. बॉनेट उघडलं, तर गिअरबॉक्सला डिपस्टिकच नाही! ते सील असतं, हात लावायचा नाही, असं गॅरेजवाल्याने बजावलं. तीन वर्षं जर्नल्स लिहून हाताची वाट लावली ती याचसाठी का?

त्या रागात लायब्ररीत बसले आणि हेन्री फोर्ड भेटला. असेंब्ली लाइनवाला म्हणून आपण त्याचा रट्टा मारतो, तोच. पण त्याचा गिअरबॉक्स मला माहीत नव्हता.

हेन्रीचा जन्म ३० जुलै १८६३ चा, अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये डिअरबॉर्नजवळच्या शेतावर. शेतकाम त्याला मुळीच आवडायचं नाही. १८७६ मध्ये आई गेली. त्याच वर्षी त्याने रस्त्यावर स्वतःच्या ताकदीने चालणारं वाफेचं इंजिन पाहिलं आणि ते त्याच्या डोक्यातून गेलं नाही. सोळाव्या वर्षी तो डेट्रॉइटला मशीन शॉपमध्ये लागला. संध्याकाळी घड्याळं दुरुस्त करायचा. पुढे एडिसन कंपनीत चीफ इंजिनीअर झाला आणि घरामागच्या शेडमध्ये रात्री जागून गाडी बनवली. ४ जून १८९६ ला ती तयार झाली, पण शेडच्या दारातून बाहेर निघेना! पठ्ठ्याने कुऱ्हाडीने भिंतीच्या विटा फोडल्या. त्या गाडीला रिव्हर्स गिअर नव्हताच, म्हणजे पुढे जाण्याशिवाय इलाज नव्हता.

पहिली कंपनी बुडाली, दुसरीतून तो बाहेर पडला. १९०३ मध्ये फोर्ड मोटर कंपनी निघाली आणि १९०८ मध्ये मॉडेल टी.

इथे आपलं एपिसायक्लिक येतं. तेव्हाच्या बऱ्याच गाड्यांत गिअर सरकवून जुळवावे लागत, नवशिक्याच्या हातून दात करकरायचे. मॉडेल टी मध्ये प्लॅनेटरी गिअर कायम एकमेकांत गुंतलेले. पायाने पेडल दाबलं की कापसाचं अस्तर लावलेली पट्टी ड्रमभोवती आवळली जाई, ड्रम थांबे आणि लो स्पीड मिळे. पेडल पूर्ण सोडलं की हाय. दुसरं पेडल रिव्हर्सचं, तिसरं ब्रेकचं. ब्रेकची पट्टी झिजली तर लोक खुशाल रिव्हर्सचं पेडल दाबून गाडी थांबवत!

पट्ट्या झिजायच्याच. मग मालक पायाखालची फळी काढी, गिअरबॉक्सवरच्या लहान झाकणाचे स्क्रू काढी आणि ब्रेक-रिव्हर्सचे नट पान्याने आवळी. लो स्पीडचा स्क्रू तर बाहेरूनच फिरवता येई. जास्त आवळलं तर पट्टी घासत राही, कमी आवळलं तर घसरे. नट आत पडला तर मात्र कल्याण. हे सगळं शेतकरी आपल्या गोठ्यात करत होते, डिग्री नसताना. हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले.

१९१३ च्या असेंब्ली लाइनवर चॅसिस जोडायचा वेळ साडेबारा तासांवरून सुमारे दीड तासावर आला. १९०८ मध्ये टूरिंग गाडी ८५० डॉलरची होती. १९२५ ला सर्वांत स्वस्त मॉडेल २६० ला मिळू लागलं. दीड कोटी गाड्या बनल्या.

पण मालकाला झाकण उघडू देणारा हा माणूस स्वतःच्या डिझाइनला कुणाला हात लावू देत नव्हता. १९१२ मध्ये तो युरोपहून परतला तेव्हा माणसांनी मोठ्या हौसेने सुधारलेली गाडी दाखवली, आणि त्याने ती हातापायांनी मोडली, अशी त्याच्याकडच्या एकाची आठवण आहे. मुलगा एडसेल १९१९ पासून कंपनीचा प्रेसिडेंट, पण नावालाच. नवीन गाडी हवी म्हणून तो कितीतरी वर्षं सांगत राहिला. १९२७ मध्ये विक्री घसरल्यावरच मॉडेल टी बंद झाली. नंतरच्या मॉडेल ए मध्ये सरकते गिअर आले. फोर्डच्या वर्तमानपत्राने ज्यूंविरुद्ध विष पसरवलं, १९३७ मध्ये त्याच्या माणसांनी युनियनवाल्यांना बेदम मारलं, हेही लिहायला हवं. आमच्या टेक्स्टबुकात यातलं काही नाही.

गंमत पुढे आहे. १९३९ मध्ये जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक आणला. पुन्हा प्लॅनेटरी गिअर, पुन्हा ड्रमभोवती पट्ट्या. फक्त पायाऐवजी ऑईलचं प्रेशर त्या आवळायचं. १९४३ मध्ये एडसेल वारला. ७ एप्रिल १९४७ च्या रात्री हेन्री गेला तेव्हा नदीला पूर आल्याने घरात वीज नव्हती, मेणबत्त्या होत्या. फोर्डची स्वतःची ऑटोमॅटिक १९५१ च्या गाड्यांत आली.

आता बाबांच्या गाडीचं. सील असलेल्या बऱ्याच गिअरबॉक्सना लेव्हल प्लग असतो. गाडी अगदी सपाट जागी उभी करून, इंजिन चालू ठेवून, ऑईल ठरावीक तापमानाला आलं की तो उघडायचा. बारीक धार लागली तर लेव्हल बरोबर. तापमान किती ते मॅन्युअलमध्ये बघायचं. मॅन्युअल मिळालंय, थर्मामीटर लॅबमधून मागणार आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही.