तडा गेलेलं लाकूड फेकून देऊ नका! जगाला हे पटवून देणाऱ्या सुताराचं भारताशी होतं खास नातं

इन्स्टाग्रामवर तुम्ही असं टेबल नक्की पाहिलं असेल. कडा सरळ कापलेल्या नाहीत, झाडाचं खोड जसं वळलं होतं तशाच वळणाच्या. मधोमध एक लांब भेग आणि ती भेग ओलांडून बसवलेले डमरूच्या आकाराचे छोटे लाकडी तुकडे. अशा टेबलाला आज 'लाइव्ह एज' म्हणतात आणि त्यासाठी लोक लाखो रुपये मोजतात.

भेगाळलेल्या लाकडाला ही प्रतिष्ठा मिळवून देण्यात सगळ्यात मोठा वाटा आहे जॉर्ज नाकाशिमा यांचा.

नाकाशिमांचा जन्म १९०५ साली अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात झाला. आईवडील जपानहून आलेले. मुलगा जंगलं आणि डोंगर पालथे घालत वाढला. कॉलेजात आधी वनशास्त्र घेतलं, मग वास्तुशास्त्राकडे वळला आणि एमआयटीसारख्या नामवंत संस्थेतून पदव्युत्तर पदवी घेतली. पण एका जागी रमला नाही. स्वतःची गाडी विकून त्याने जगप्रवासाचं तिकीट काढलं. पॅरिसमध्ये वर्षभर राहून तो जपानला पोहोचला आणि टोकियोत आर्किटेक्ट अँटोनिन रेमंड यांच्याकडे नोकरीला लागला.

पाँडिचेरीत मिळालं नवं नाव

रेमंड यांच्याकडे तेव्हा एक वेगळंच काम आलं होतं. पाँडिचेरीच्या श्री अरविंद आश्रमात साधकांसाठी 'गोलकोंड' नावाची इमारत बांधायची होती. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या आधुनिक काँक्रीट इमारतींमध्ये तिची गणना होते. या कामासाठी नाकाशिमा पाँडिचेरीला आले आणि स्वतःच आश्रमाचे साधक झाले. तिथे त्यांना नाव मिळालं 'सुंदरानंद'. सौंदर्यात आनंद मानणारा, असा त्याचा अर्थ. या इमारतीसाठी त्यांनी फर्निचरही केलं. आर्किटेक्टचा हात लाकडाला लागला तो इथे.

छावणीत भेटला गुरू

१९३९ मध्ये ते भारतातून निघाले, जपानमार्गे अमेरिकेत परतले. १९४१ मध्ये मॅरियन यांच्याशी लग्न झालं, सिएटलमध्ये त्यांनी फर्निचरचं काम सुरू केलं. पण त्याच डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. अमेरिकेने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरातून उचलून छावण्यांत डांबलं. त्यातले बहुतेक जन्माने अमेरिकन नागरिक होते. १९४२ मध्ये नाकाशिमा, त्यांची पत्नी आणि तान्ही मुलगी मीरा यांची रवानगी आयडाहो राज्यातल्या मिनिडोका छावणीत झाली.

तिथे त्यांना गेंतारो हिकोगावा भेटले. ते जपानी पद्धतीचे कसलेले सुतार होते. हातात एमआयटीची पदवी असलेला माणूस या सुताराचा शागीर्द झाला. जपानी करवत कशी ओढायची, पटाशी कशी लावायची, सांधा केसाचंही अंतर न ठेवता कसा जुळवायचा, हे त्यांनी इथे शिकून घेतलं. लाकूड कुठलं? तर बांधकामातून उरलेले तुकडे आणि आसपासच्या ओसाड माळावरची झुडपं. जे हाताशी असेल त्यातून वस्तू घडवायची सवय इथेच पक्की झाली.

१९४३ मध्ये रेमंड यांनी हमी घेतली आणि कुटुंबाची सुटका झाली. पेनसिल्वेनियातल्या न्यू होप गावी नाकाशिमांनी नव्याने सुरुवात केली. चांगलं, निर्दोष लाकूड परवडत नव्हतं. मग भेगा पडलेल्या, गाठी असलेल्या, इतरांनी नाकारलेल्या फळ्या ते घेऊ लागले.

लाकूड तडकतं का?

ताज्या लाकडात भरपूर पाणी असतं. ते सुकतं तसं लाकूड आकसतं, पण सगळीकडून सारखं नाही. वर्तुळाकार वलयांच्या दिशेने ते जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीकडे आकसतं. ही ओढाताण सहन झाली नाही की तडा जातो. ओंडक्याची टोकं सगळ्यात आधी सुकतात, म्हणून भेगा बहुतेकदा तिथूनच सुरू होतात.

नाकाशिमा ओंडका चिरताना स्वतः हजर असत. करवत कोणत्या दिशेने चालवायची हे ते ठरवत, कारण एकदा कापलेलं परत जोडता येत नाही. मग फळ्या झाडात होत्या त्याच क्रमाने रचायच्या, मधे पट्ट्या ठेवून हवा खेळती ठेवायची आणि सावकाश सुकू द्यायच्या. यात वर्षं जात.

एवढं करूनही भेग पडलीच तर? तेव्हा तो डमरूसारखा तुकडा, म्हणजे 'बटरफ्लाय'. कठीण लाकडाचा हा तुकडा भेगेला आडवा बसवतात. त्याच आकाराची खाच पटाशीने कोरायची आणि तुकडा घट्ट ठोकायचा. तो कमरेत बारीक, दोन्ही टोकांना रुंद असतो. त्यामुळे भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून दूर सरकू शकत नाहीत. ही युक्ती जुनीच, पण नाकाशिमांनी ती लपवली नाही. मौल्यवान टेबलाच्या दर्शनी भागावर ती मिरवली.

पुन्हा भारतात

१९६४ मध्ये ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) आले. त्यांच्या डिझाइनचं फर्निचर तिथेही तयार झालं. तिकडे अमेरिकेत नेल्सन रॉकफेलर यांनी १९७३ मध्ये आपल्या घरासाठी तब्बल २०० नग मागवले. ज्या देशाने त्यांना काटेरी तारांमागे ठेवलं होतं, त्याच देशातले बडे लोक आता त्यांच्या दारी येत होते.

उतारवयात त्यांनी एका प्रचंड अक्रोडाच्या फळ्यांमधून 'शांतिवेदी' घडवली. जगाच्या प्रत्येक खंडात अशी एक असावी, हे त्यांचं स्वप्न होतं. पहिली १९८६ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या सेंट जॉन कॅथेड्रलमध्ये बसली. त्यांच्या निधनानंतर एक ऑरोविलमध्येही आली, पाँडिचेरीपासून अगदी जवळ.

१९९० मध्ये नाकाशिमा गेले. न्यू होपची कार्यशाळा मात्र थांबली नाही. छावणीत तान्ही असलेली मीरा तिची प्रमुख झाली. २०१४ मध्ये अमेरिकन सरकारने ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केली.

पुढच्या वेळी एखाद्या टेबलावर डमरूचा तो तुकडा दिसला, तर त्यामागचा हा प्रवास नक्की आठवा.